काळी मारबत कागदावर कितपत काळी? क्वाडटोन रिपचं परीक्षण

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटरची परीक्षा घ्यायची तर नागपुरात दोन फोटो पुरतात. पहिला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीचा: काळा पुतळा, त्याच्या सावलीत दाटलेली माणसं, त्यांचे केस, सगळं काळ्यावर काळं. दुसरा, मे महिन्यात भर दुपारी काढलेला दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाचा, ज्यात घुमट आणि आभाळ यांच्यात दोन-तीन टक्क्यांचाच फरक असतो. स्क्रीनवर दोन्ही झकास दिसतात. प्रिंटरसोबत येणाऱ्या साध्या ड्रायव्हरने मॅट कागदावर छापले की मारबतीमागची गर्दी डांबरासारखी एक होते आणि घुमटाची कड आभाळात विरून जाते. हे दोन फोटो नीट उतरवायचे असतील तर क्वाडटोन रिप हे छपाईचं सॉफ्टवेअर कामाचं आहे. घरच्या लग्नाच्या फोटोंना काळा-पांढरा रंग द्यायचा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, डोक्याला ताप होईल.

रॉय हॅरिंग्टन यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर शेअरवेअर आहे. आधी वापरा, पटलं तर पन्नास डॉलर द्या. विंडोजवर ते क्यूटीआर-गुई नावाच्या खिडकीतून चालतं. मॅकवर ते प्रिंटरच्या यादीत स्वतंत्र प्रिंटर म्हणून बसतं आणि प्रिंट-टूल या जोडीच्या ॲपमधून छापायचं. काम एकच: फोटोतल्या प्रत्येक करड्या छटेसाठी प्रिंटरची कोणती शाई किती सोडायची, ते एपसनच्या ड्रायव्हरऐवजी तुम्ही ठरवायचं. ही माहिती ‘कर्व्ह’ नावाच्या फाइलमध्ये असते. फाइल उघडून पाहिली तर आत साधे आकडे दिसतात: दर शाईला २५६ ओळी, दर ओळीत शून्य ते ६५,५३५ मधला एक आकडा. कर्व्ह म्हणजे एवढंच, जादूबिदू काही नाही.

मग एपसनचा स्वतःचा ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड काय वाईट आहे? काहीच नाही. के-थ्री, म्हणजे तीन काळ्या शायांचा संच असलेल्या प्रिंटरांवर तो आयता येतो, करड्या रंगात हिरवी-गुलाबी झाक येऊ देत नाही आणि शिकायला दहा मिनिटं लागतात. फक्त त्यात ‘टोन’ची जी निवड असते ती मुळात ‘डार्कर’वर असते, ती एकदा ‘नॉर्मल’वर आणि एकदा ‘डार्क’वर करून छोटे नमुने छापून बघा. चकचकीत किंवा बराइटा (जुन्या डार्करूमच्या कागदासारखी चमक असलेल्या) कागदावर छापणाऱ्या दहातल्या आठ जणांचं काम इथेच भागतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, मॅट कॉटन कागदावर शॅडो गच्च होतात. दुसरी, तुमचा कागद एपसनच्या यादीत नसला की जवळचा एखादा निवडून अंदाजाने हाकावं लागतं. क्वाडटोन रिप नेमकं तिथे वरचढ ठरतं.

प्रिंटरबद्दल आधीच स्पष्ट सांगायला हवं, कारण चुकीची खरेदी इथेच होते. क्वाडटोन रिप एपसनसाठी आहे, कॅननवाल्यांना त्याचा उपयोग नाही. एपसनमध्येही तुमचं मॉडेल सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का ते पैसे मोजण्याआधी पाहा. खरी मजा तीन काळ्या शाया असलेल्या प्रिंटरवर आहे: काळी, हलकी काळी आणि त्याहून हलकी काळी. ३८८०, आर३०००, पी६००, पी८०० ही त्यातली माणसाळलेली मॉडेलं. सेकंड हँड घेताना विक्रेत्यासमोर नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना, छापून घ्या. एकही रेघ तुटलेली असेल तर ‘क्लीनिंग मारलं की येईल’ यावर विसंबू नका, त्याच्यासमोरच मारून बघा. बाजारात फोटोसाठी धडाधड खपलेले एल८०५ किंवा एल१८०० हे टाकीवाले प्रिंटर सहा रंगांचे आहेत, पण त्यात काळी शाई एकच आणि तीही डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. एकट्या काळ्याने छापलं तर हायलाइटमध्ये, म्हणजे उजळ भागांत, टिपके दिसतात. करडा रंग निळ्या-गुलाबी-पिवळ्यातून बनवला तर ट्यूबलाइटखाली एक झाक आणि खिडकीच्या उजेडात दुसरीच. त्यावर रिप चढवून खर्च वसूल होत नाही.

पहिलं प्रिंट काढणं सोपं आहे. फोटो ग्रेस्केलमध्ये आणा, ग्रे गॅमा २.२ प्रोफाइल द्या, लेयर सपाट करा, हव्या त्या मापाला ३६० पीपीआयवर आणून टिफ म्हणून साठवा. क्यूटीआर-गुईत प्रिंटर निवडा, कागदाच्या सर्वात जवळचा कर्व्ह निवडा, मॅटसाठी १४४० आणि चकचकीतसाठी २८८० डीपीआय घ्या, छपाई एकाच दिशेने ठेवा. दोन्ही दिशांनी छापलं तर वेळ वाचतो, पण हेडची जुळणी जरा जरी हललेली असेल तर बारीक रेषा दुहेरी दिसतात.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. फोटोशॉपची मूळ ग्रे सेटिंग बहुतेक वेळा ‘डॉट गेन २० टक्के’ असते. फोटो तिथून गॅमा २.२ मध्ये न बदलता नुसता नव्या प्रोफाइलचा शिक्का मारला तर मिडटोन, म्हणजे मधल्या छटा, सरकतात आणि दोष कर्व्हच्या माथी जातो. याच्या उलट, सॉफ्टवेअरसोबत येणारी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या २१ चौकोनांची मोजमापाची पट्टी फोटोशॉपमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. ती उघडताना प्रोफाइल बदललं तर ५० टक्क्यांचा चौकोन ५० चा राहत नाही आणि पुढचं सगळं मोजमाप पाण्यात. पट्टी थेट गुईतून छापा.

आयते कर्व्ह चालतील तोवर चालवा. ज्या दिवशी ते पुरत नाहीत त्या दिवशी खरं शिकणं सुरू होतं, आणि ते तीन टप्प्यांत आहे.

पहिला टप्पा, शाईची मर्यादा. कॅलिब्रेशन मोडमध्ये एक पान छापलं की दर शाईची शून्यापासून शंभरपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी चढत जाणारी पट्टी मिळते. काळ्या शाईची पट्टी बघा: एका जागेनंतर चौकोन अधिक काळे होत नाहीत, फक्त ओले होतात. मॅट कागदावर त्यापुढे तर रंग उलट फिका पडतो, कारण कागदाचा लेप शाई पिऊन तुडुंब झालेला असतो. जिथे काळेपणा वाढायचा थांबला ती मर्यादा. ती बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास सापडते, पण दुसऱ्याचा आकडा उचलू नका, तुमच्या कागदाचा शोधा. डोळ्याने ठरवणार असाल तर पान रात्रभर वाळू द्या. ताजा मॅट प्रिंट आणि दुसऱ्या दिवशीचा मॅट प्रिंट यांत सावल्यांचा फरक ठळक दिसतो.

दुसरा टप्पा, हलक्या शायांचं नातं. हलक्या काळ्याचा मर्यादेवरचा चौकोन घ्या आणि गडद काळ्याच्या पट्टीत त्याच्या बरोबरीचा चौकोन शोधा. तो ३० ते ३५ च्या मध्ये सापडला तर तोच आकडा फाइलमध्ये लिहायचा. सर्वात हलक्या शाईसाठीही तेच. हा आकडा चुकला की जिथे एक शाई संपून दुसरी सुरू होते तिथे पायरी दिसते. फुटाळा तलावावरच्या हिवाळी धुक्याचा फोटो छापून बघा, आभाळात आडवा पट्टा आला तर चूक इथेच आहे. ‘ग्रे ओव्हरलॅप’ (दोन शाया एकमेकींवर किती चढतात ते) थोडा वाढवून पट्टा लपवता येतो खरा, पण ती मलमपट्टी झाली. आधी आकडा दुरुस्त करा.

तिसरा टप्पा लिनियरायझेशन, म्हणजे छटा सारख्या अंतरावर बसवणं, आणि सगळं सार यातच आहे. एल म्हणजे उजळपणाचा आकडा: शून्य काळा, शंभर पांढरा. समजा तुमच्या मॅट कागदाचा पांढरा एल ९६ मोजला आणि सर्वात काळा चौकोन एल १६. मधलं अंतर ८०. चौकोन २१, म्हणजे पायऱ्या २०, म्हणजे दर पायरीला एल चारने उतरायला हवा. ५० टक्क्यांचा चौकोन ५६ वर असायला हवा. मोजला तर ४९ निघाला, म्हणजे सगळा मिडटोन बसलाय. ९५ टक्क्यांचा चौकोन २० वर हवा, मोजला तर १६.८. म्हणजे शेवटच्या दोन चौकोनांमध्ये चारऐवजी पाऊणच एल उरला. मारबतीमागची माणसं इथे बुडतात: त्यांचे केस ९४ टक्के आणि सावली ९८ टक्के असली तरी कागदावर दोन्ही एकच. मोजलेले २१ एल आकडे पांढऱ्याकडून काळ्याकडे ओळीने लिनियराइझच्या ओळीत लिहिले, कर्व्ह पुन्हा बनवला आणि पट्टी पुन्हा छापली की तोच चौकोन २० च्या आसपास येतो. काळा तेवढाच काळा राहतो, पण त्याच्या आधीच्या छटा सुट्या होतात.

या टप्प्यावर दोन गोष्टी हमखास बिघडतात. आकडे सतत उतरते हवेत. ९० ला १७.९, ९५ ला १६.० आणि १०० ला १६.६ असं काही निघालं तर सॉफ्टवेअर कर्व्ह बनवायला नकार देतं. तो नकार बरोबर असतो. शाईची मर्यादा दोन-तीनने खाली आणा आणि पट्टी पुन्हा छापा. आकडा हाताने खोटा बसवून पुढे जाऊ नका. दुसरी गडबड जास्त छुपी आहे. लिनियराइझ झालेल्या कर्व्हने पट्टी छापली, ती मोजली, थोडी चूक उरलेली दिसली, आणि नवे आकडे जुन्यांच्या जागी टाकले. झालं! पहिली दुरुस्ती पुसली गेली आणि कर्व्ह मूळपदावर आला, कारण ती ओळ नेहमी दुरुस्तीआधीच्या कर्व्हची मोजमापं मागते. उरलेली बारीक चूक सोबतच्या क्रिएट-आयसीसी साधनाने प्रोफाइल बनवून काढा. मोजमापाची फाइल त्याच्यावर ओढून सोडली की प्रोफाइल तयार. त्याच प्रोफाइलने फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफही, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहता येतो.

मोजायला यंत्र लागतं, आणि सॉफ्टवेअरपेक्षा ते कितीतरी महाग पडतं. आय-वन प्रो किंवा कलरमंकी फोटो हाताशी असेल तर उत्तम. एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं बरं, कारण वर्षातून त्याची गरज मोजक्याच दिवशी पडते. फ्लॅटबेड स्कॅनरने जुगाड होतो, पण मॅट कागदाच्या सावल्यांमध्ये स्कॅनर चकतो आणि आपल्याला नेमक्या सावल्याच मोजायच्या असतात.

काळीसोबत निघणाऱ्या पिवळ्या मारबतीचं मात्र प्रिंटरशी भांडण नाही. तिचा घोटाळा आधी, रंगीत फोटो काळा-पांढरा करताना होतो. पिवळ्याचा स्लायडर वर राहिला तर पुतळा पांढराफटक पडतो आणि कुठलाच कर्व्ह त्याला परत आणू शकत नाही. तिथे पिवळा खाली ओढा, मग छापायला घ्या.

टोनिंग हा या सॉफ्टवेअरचा सर्वात आनंदाचा भाग आहे. तिन्ही काळ्या शाया मिळून जो करडा देतात तो मुळात उबदार, किंचित तपकिरी असतो. कूल कर्व्हमध्ये हलका सायन आणि हलका मॅजेंटा मिसळून तो थंड केलेला असतो. उबदार आणि कूल असे दोन कर्व्ह एकत्र लावून हायलाइट, मिडटोन आणि शॅडोसाठी वेगवेगळं प्रमाण देता येतं. सावल्या उबदार आणि उजेड तटस्थ ठेवला तर प्रिंट जुन्या डार्करूमच्या कागदाजवळ जातो. रंगीत शाई जितकी कमी तितकी उजेड बदलल्यावर झाक बदलण्याची भीती कमी, म्हणून पूर्ण थंड प्रिंट काढण्याआधी तो खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली असा तिन्हीकडे धरून बघा.

कागदाबद्दल थोडक्यात. हानेमुहले फोटो रॅग ३०८ वर सर्वात खोल काळा साधारण १.६ ते १.७ घनतेचा मिळतो (घनता जास्त तितका काळा गडद), फोटो रॅग बराइटा किंवा कॅन्सनच्या प्लॅटिन फायबर रॅगवर तो २.२ च्या पुढे जातो. मारबतीला बराइटा द्या, धुक्याला मॅट. ३८८० आणि पी८०० मध्ये मॅट काळी आणि फोटो काळी एकाच नोझलमधून जातात, प्रत्येक अदलाबदलीत शाई गटारात जाते. महिन्याची सगळी मॅट कामं साठवून एकदाच करा.

आता नागपूरचा उन्हाळा. या वर्गातल्या एपसन प्रिंटरांची चालण्याची मर्यादा १० ते ३५ अंश आणि २० ते ८० टक्के आर्द्रता अशी असते. एप्रिल-मे मध्ये बंद खोलीत दुपारी दोनला यातलं काहीच पाळलं जात नाही. हवा इतकी कोरडी की हेडवरची शाई दोन दिवसांत धरते आणि नोझल चेकमध्ये सर्वात आधी हलक्या शायांच्या रेघा तुटतात. एक रेघ गेली तर काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये ती थेट आडव्या चऱ्यासारखी दिसते, रंगीत फोटोत लपली असती तशी लपत नाही. एकदा क्लीनिंग मारा, नोझल चेक घ्या, तरी नाही आली तर सहा-आठ तास थांबा. लागोपाठ पाच क्लीनिंग मारून मेंटेनन्स टाकी भरते, रेघ येतेच असं नाही.

कूलर हा इथला अर्धा उपाय आणि अर्धा उपद्रव. खोलीची आर्द्रता तो ४०-५० टक्क्यांवर आणतो, जी प्रिंटरला मानवते. पण झोत थेट प्रिंटरवर आला तर छापता छापता कागदाची कड उचलली जाते आणि हेड घासून काळा डाग पडतो. शिवाय कूलरच्या वाऱ्यासोबत धूळ येते. मॅट कागदावर बसलेल्या कणावर शाई पडते, वाळल्यावर कण उडतो आणि मारबतीच्या अंगावर पांढरा ठिपका राहतो. म्हणून कूलर शेजारच्या खोलीत चालवा, दार अर्धं उघडं ठेवा, प्रिंटरजवळ साधा आर्द्रतामापक टांगा. छापण्याआधी मऊ ब्रशने कागद झाडा. छपाई पहाटे किंवा रात्री दहानंतर करा.

कोरड्या हवेत कॉटन कागद लेपाच्या बाजूला वळतो. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा आणि प्लॅटन गॅप (हेड आणि कागद यांतलं अंतर) एक पायरी वाढवा. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलट होतं: कागद फुगतो, शाई वाळायला वेळ लागतो, प्रिंट एकावर एक ठेवले की चिकटतात. मधे ॲसिड-फ्री कागद घाला, दिवसभर उघडे ठेवा, मगच फ्रेम करा. उघडलेलं कागदाचं पाकीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसह. मे महिन्यात बनवलेल्या कर्व्हची पट्टी ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा छापून मोजा, ५० टक्क्यांचा चौकोन दीड एलपेक्षा जास्त हलला असेल तर पावसाळ्याचा वेगळा कर्व्ह ठेवा.

सॉफ्टवेअरच्या तक्रारी आहेतच. गुईचं रूप फार जुनाट आहे. फोटोची मांडणी करायची सोय जुजबी, त्यामुळे समास वगैरे फोटोशॉपमध्येच आखून आणावे लागतात. मॅकवर कर्व्ह बसवण्यासाठी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आकडे लिहून इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवावी लागते, एखादं अवतरणचिन्ह सुटलं की कर्व्ह यादीतच दिसत नाही. सोबतची मार्गदर्शिका जाणत्यासाठी लिहिलेली आहे, नवख्याला पहिले दोन आठवडे जड जातात. पन्नास डॉलरमध्ये एवढा ताबा देणारं दुसरं काही नाही, म्हणून हे सगळं खपवून घ्यावं लागतं.

आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा: कागद, कर्व्हचं नाव, तारीख, खोलीची आर्द्रता. प्रिंटर बंद करताना भिंतीवरचं बटण दाबू नका, प्रिंटरचंच दाबा. हेड जागेवर जाऊन झाकलं जाईपर्यंत थांबा आणि मग मेन बंद करा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर प्रिंटर छोट्या यूपीएसवर ठेवा. अर्ध्या छपाईत वीज गेली की हेड उघडं राहतं, आणि मे महिन्यात त्याला सुकायला एक रात्र पुरते.